पावणेपाच, डिब्रुगढचे आणि भुजचे

बँकेत प्रमोशन घेतलं की बाहेर जावं लागतं हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त बाहेर म्हणजे किती बाहेर हे ऑर्डर हातात पडेपर्यंत कळत नाही. माझ्या ऑर्डरवर डिब्रुगढ होतं. मी सांगलीची, तोपर्यंतची सगळी नोकरी सांगली, मिरज, कोल्हापूर अशी एसटीने जाऊन येऊन केलेली. घरी नकाशा उघडला तर नवरा म्हणाला अगं हे आसामच्या पण शेवटाला आहे. जून २०१६ ला मी तिकडे जॉइन झाले, लेक तेव्हा पाच वर्षांची, ती आणि नवरा सांगलीतच राहिले. आणि दोन वर्षांनी पुढची ऑर्डर आली ती भुजची. म्हणजे देशाच्या या टोकावरून उचलून थेट त्या टोकाला, मध्ये सरळ रेषेत मोजलं तरी अडीच हजार किलोमीटर. पण मनगटावरचं घड्याळ एक मिनिटाने सुद्धा इकडचं तिकडे करावं लागलं नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

डिब्रुगढची पहिली सकाळ अजून आठवते. डोळ्यावर उजेड आला म्हणून जागी झाले, खोलीत चांगलं लख्ख, बाहेर सायकलच्या घंट्या, कोणीतरी अंगण झाडतंय, मला वाटलं झालं, पहिल्याच दिवशी लेट. धडपडत उठून मोबाईल बघितला तर चार वाजून चाळीस मिनिटं. मला वाटलं रात्रीच्या प्रवासात मोबाईल गंडला असेल म्हणून हातातलं घड्याळ बघितलं, त्यातही तेच. खिडकीतून बघते तर आमच्या घरमालकीणबाई, वय पंच्याहत्तरीच्या आसपास, आंघोळ करून, केस पुसून, तुळशीपाशी उभ्या. त्यांना सगळे आइता म्हणायचे, म्हणजे आजी, मग मी पण तेच म्हणायला लागले. मला बघून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "इतना देर सोता है?" पावणेपाचला!

जूनमध्ये डिब्रुगढला सूर्य सव्वाचारला उगवतो. आपल्याकडे सांगलीत त्या वेळी साधं झुंजूमुंजू पण झालेलं नसतं, दूधवाला पण झोपलेला असतो. पहिला महिना मी त्या उजेडाशी भांडण्यात घालवला. आधी जाड पडदे आणले, मग पडद्याच्या फटीतून येतो म्हणून खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवला, मग कागदामुळे खोली तापायला लागली आणि दमट हवेने तो सुटायला पण लागला. त्यात मी रात्री अकरा-साडेअकराला झोपणारी, त्यामुळे झोप पाच तास, आणि दुपारी तीनला काउंटरवर बसून डोळ्यासमोर पासबुक नाचायची. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी, तिथलीच, म्हणाली मॅडम तुम्ही घड्याळाने झोपताय आणि सूर्याने उठताय, एक काहीतरी ठरवा. तेव्हा मला तो नुसता जोक वाटला.

आता भूगोल आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलाय, पण माझ्या डोक्यात तो तिथे जाऊन शिरला. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका रेखांशाला चार मिनिटं. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, ती रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. डिब्रुगढ साधारण ९४.९ वर, म्हणजे बारा अंशांहून थोडं जास्त पूर्वेला, म्हणजे सूर्य घड्याळाच्या पन्नास मिनिटं पुढे. आणि गंमत म्हणजे भुज ६९.७ वर, म्हणजे जवळजवळ तेवढंच पश्चिमेला, तिथे सूर्य पन्नास मिनिटं मागे. मी हे गणित बँकेच्या व्हाउचरच्या पाठीमागे मांडलं होतं आणि मला खरंच हसू आलं, ज्यांनी ती रेषा निवडली त्यांनी दोन्ही टोकांवर अगदी समसमान अन्याय केलाय. दोन्ही गावांत मिळून एक तास चाळीस मिनिटांचा फरक, तो घड्याळात कुठेच दिसत नाही, माणसांच्या अंगावर मात्र दिसतो. शिवाय आमच्या स्टाफमध्ये कायम चघळला जाणारा एक विषय असा की बांगलादेश डिब्रुगढच्या पश्चिमेला आहे, तरी त्यांचं घड्याळ आपल्या अर्धा तास पुढे. म्हणजे पूर्वेला राहून आम्ही मागे!

उन्हाळ्याचं ठीक होतं, खरी परीक्षा हिवाळ्यात. डिसेंबरच्या सुरुवातीला तिथे सव्वाचारला सूर्य मावळतो. बँकेचं कामकाज चारपर्यंत, मग कॅश टॅली करायची, आणि मी नोटा मोजून मान वर करायची तर बाहेर काळोख, दुकानांचे दिवे लागलेले, ब्रह्मपुत्रेवरून येणारं धुकं रस्त्यावर उतरलेलं. पावणेपाचला रात्र. आणि आमच्या वरच्या ऑफिसातल्या साहेबांना, ते कुठल्या शहरात बसायचे ते सांगत नाही, व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची मीटिंग, घ्यायची हौस साडेसहाची. त्यांच्या खिडकीतून दिवस नुकताच मावळलेला असायचा, आमच्याकडे दोन तास रात्र होऊन गेलेली, बाजार आवरायला लागलेला, स्टाफमधल्या मुलींना घरी जायला रिक्षा मिळायची नाही. टार्गेट का झालं नाही यावर अर्धा तास ऐकायचं, आणि वर एकदा "तुमच्याकडे सगळे फारच लवकर पळतात घरी" हे पण ऐकलं. अहो पळत नाहीत, रात्र झालीय त्यांची. पण म्यूट असताना बोललेलं कोणाला ऐकू जातं.

आईचा वेगळाच ताप. आमच्याकडे तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावायचा, तेव्हा झोपायचं नाही, केर काढायचा नाही, हे सगळं लहानपणापासून. आई रोज फोनवर विचारायची दिवा लावलास का. आता तिन्हीसांज साडेचारला होतेय, मी काउंटरवर, दिवा कोण लावणार. मी म्हटलं आई मी सातला घरी जाऊन लावते, तर म्हणाली अगं सातला म्हणजे तिन्हीसांज टळून गेली की तिकडे, मग काय उपयोग. तिला टाइमझोन वगैरे काही माहीत नव्हतं, पण मुद्दा बरोबर होता! तिची वेळ घड्याळाची नव्हतीच. शेवटी आइतांनी तोड काढली, त्या रोज संध्याकाळी त्यांच्या तुळशीपाशी दिवा लावायच्याच, त्या म्हणाल्या तुझ्या नावाने पण एक वात घालते. दोन वर्षं माझा दिवा त्यांनी लावला.

एकदा डिसेंबरमध्ये लवकर सुटका झाली म्हणून पावणेपाचला लेकीला व्हिडिओ कॉल केला. ती सांगलीत गच्चीवर, तोंडावर पिवळंधमक ऊन, मागे आजी पापड उचलतेय. माझ्या बाजूला रस्त्यावरचा दिवा आणि काळोख. ती बघतच राहिली आणि म्हणाली, "आई, तू अमेरिकेत गेलीस का?" तिच्या वर्गातल्या एका मुलाचा मामा अमेरिकेत होता आणि त्याच्याकडे रात्र असते हे तिला माहीत होतं. मी म्हटलं नाही गं, आपल्याच देशात आहे, तर तिला ते काही केल्या पटेना.

मी सुधारले ती बागेतल्या फजितीनंतर. चहाच्या मळ्याला तिथे बागान म्हणतात. मजुरांची खाती उघडायचा कँप होता, ठरलेलं सकाळी सातला. मी दोन जणांना घेऊन, अंगठ्याचं मशीन, फॉर्मचे गठ्ठे घेऊन बरोबर सातच्या ठोक्याला हजर, मनात म्हटलं बघा सांगलीकर कसे टायमात. ऑफिसात कोणी नाही, बाहेर पण कोणी नाही. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झालेली. थोड्या वेळाने तिथले बाबू आले, मी त्यांना मदत म्हणून सांगितलं की तुमचं घड्याळ पुढे गेलंय. ते म्हणाले, "नहीं मॅडम, आपका पीछे है." तिथे बागान टाइम चालतो, आपल्या घड्याळाच्या एक तास पुढे, इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला, जेणेकरून उजेड असेपर्यंत पानं खुडून व्हावीत. सगळ्या बायका तासभर वाट बघून पाठीला टोपल्या लावून निघून गेलेल्या. मग त्यांच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्ही तिथेच बसलो, लाल चहा पीत, तो बिनदुधाचा असतो आणि सवय झाली की दुधाचा नको वाटतो. त्या दिवसापासून माझ्या डायरीत वेळेपुढे बा.टा. नाहीतर आ.टा. लिहिलेलं असायचं, आ.टा. म्हणजे आपला टाइम.

तिथल्या बागानवाल्यांचं मला मनापासून पटलं. सरकारने दिलेल्या घड्याळावर कुरकुर न करता त्यांनी आपलं आपलं घड्याळ सरळ पुढे करून टाकलं. मी पण तेच केलं, पण घड्याळ न हलवता. रात्री साडेनऊला झोप, सकाळी पावणेपाचला उठणं, आंघोळ, नदीच्या बांधावर फेरी, सातला जेवणाइतका नाश्ता, आणि दुपारचं जेवण साडेअकराला डबा उघडून दोन घास, मग पुन्हा दीडला. काळा कागद काढून टाकला. पंधरा दिवसांत दुपारची पेंग गेली. लेकीशी बोलायची वेळ मात्र हुकायला लागली, ती नऊला जेवून गप्पांना तयार आणि मी जांभया देतेय, मग आम्ही सकाळी शाळेच्या आधीची वेळ ठरवली.

आणि एक कबूल करते. जायच्या आधी मला लोकांनी सांगितलं होतं की तिकडचे लोक जरा सुस्त, लाहे लाहे चालतं सगळं. लाहे लाहे म्हणजे हळूहळू. मी पण दोन महिने तेच म्हणत होते, संध्याकाळी सहाला कोणी फोन उचलत नाही, सातला दुकानदार शटर ओढतो. पण ज्या बाईला मी सहा वाजता सुस्त म्हणत होते तिचा दिवस पहाटे चारला सुरू झालेला, दहा वाजता बँक उघडेपर्यंत तिचं अर्धं काम झालेलं. आम्ही दहाला शटर वर करायचो तर बाहेर नवापासून माणसं उभी, तीही घाईत नाही, तामूल-पान चघळत, गप्पा मारत. तामूल म्हणजे ओली सुपारी, मी एकदाच खाल्ली, कान गरम झाले आणि कपाळावर घाम, कॅश मोजताना दोन वेळा चुकले. सुस्त आम्हीच होतो, दुपारी बाराला म्हणजे त्यांच्या पाऊण वाजता सुद्धा "अजून दिवस पडलाय" म्हणणारे.

सावलीचा उद्योग मी तिथेच सुरू केला. नवरा म्हणत होता की तू म्हणतेस ते पन्नास मिनिटांचं गणित प्रत्यक्षात दाखव. मग एप्रिल २०१७ मध्ये रविवारी आइतांच्या अंगणात मोपाची काठी, नव्वद सेंटिमीटरची, विटांमध्ये ताठ उभी केली आणि सावलीच्या टोकावर दर पाच मिनिटांनी खडूने खूण. पहिल्या रविवारी ढग, दुसरा बिहूच्या गडबडीत गेला, त्यात पाऊस, तिसऱ्या रविवारी ऊन मिळालं. सर्वांत छोटी सावली नेमकी कधी ते नुसतं बघून कळत नाही, कारण त्या वेळी ती पाच-दहा मिनिटं हलतच नाही असं वाटतं, त्यामुळे मी सकाळची एक खूण धरली, दोरीने तेवढाच गोल काढला आणि दुपारी सावली परत त्या गोलाला कधी टेकते ते बघितलं, दोन्हींची मधली वेळ म्हणजे खरं माध्यान्ह. आलं अकरा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. सावली वीतभर. म्हणजे बँकेच्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा डिब्रुगढचा सूर्य कधीच उतरणीला लागलेला असतो. आइता खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या, त्यांना मी मोठ्या उत्साहाने सांगितलं की इथे खरे बारा अकरा दहाला वाजतात, तर म्हणाल्या ते मला माहीतच आहे, मी तेव्हाच जेवते.

वेगळं घड्याळ द्या ही मागणी तिकडे जुनी. २०१४ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी आसामचं घड्याळ तासभर पुढे करायची भाषा केली होती, मी तिथे असताना २०१७ मध्ये गुवाहाटी हायकोर्टाने स्वतंत्र टाइमझोनची याचिका फेटाळली, आणि मी भुजला गेल्यावर २०१८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या लोकांनी, देशाचं घड्याळ सांभाळणारे तेच, दोन टाइमझोनचा प्रस्ताव मांडला, सीमा बंगाल आणि आसामच्या हद्दीवर अलीपूरद्वारजवळ, तिथून पूर्वेला एक तास पुढे. माझ्या जुन्या ब्रँचच्या ग्रुपवर त्या दिवशी मेसेजचा पूर आला होता. मला स्वतःला विचाराल तर दोन घड्याळं वगैरे नंतर बघू, आधी ऑफिसं आठला उघडून तीनला बंद करा, त्याला कोणाची परवानगी लागते? पण आपल्याकडे देशाचं घड्याळ बदलणं परवडतं, ऑफिसची वेळ बदलणं परवडत नाही. आणि एक देश एकच वेळ हे काही आभाळातून पडलेलं नाही, प्रमाणवेळ १९०६ ला आली तरी कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत ठेवली आणि मुंबईने तर १९५५ पर्यंत, ३९ मिनिटं मागे. माझे आजोबा शेवटपर्यंत विचारायचे, "मुंबई टाइम की स्टँडर्ड?" आम्ही हसायचो त्यांना.

भुजला मी जून २०१८ मध्ये पोचले, या वेळी सगळं कुटुंब घेऊन, नवऱ्याचं काम लॅपटॉपवरचं त्यामुळे जमलं. पहिल्या सकाळी सवयीने पावणेपाचला डोळे उघडले. मिट्ट काळोख. कुत्रं सुद्धा भुंकत नव्हतं. मी आंघोळ केली, चहा केला, पेपर येईल म्हणून बसले, साडेपाच झाले तरी रात्रच, सहा वाजून गेल्यावर कुठे सूर्य. मग फिरायला निघाले, दूध घ्यावं म्हटलं तर दुकानं बंद, एक माणूस ओट्यावर झोपलेला, तो उठून म्हणाला, "बेन, कोई बिमार छे?" त्याला वाटलं एवढ्या पहाटे बाई बाहेर म्हणजे दवाखान्याचं काहीतरी असणार.

इथे सगळं उलटं. जूनमध्ये सूर्य मावळतो सात चाळीसला, आठ वाजेपर्यंत उजेड. शुभंकरोति पावणेआठला. लेक सात वर्षांची, तिला साडेआठला झोप म्हटलं तर ती खिडकीकडे बोट दाखवून म्हणायची आत्ता तर संध्याकाळ झालीय. रात्री साडेनऊला शेजारच्या बा, म्हणजे आजीच, खाली ओट्यावर येऊन बसायच्या आणि मला हाक, "अचो अचो", कच्छीत या या. आणि मी डिब्रुगढच्या सवयीने पेंगतेय. हिवाळ्यात शाळेची रिक्षा पावणेसातला यायची, बाहेर तारे, जानेवारीत सूर्य उगवायलाच साडेसात, मी लेकीला टॉर्च घेऊन खाली सोडायचे आणि ती दर दोन दिवसांनी विचारायची की शाळा रात्री का असते. यावर माझ्याकडे काहीच उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

दुपारी एक ते चार बाजारात सामसूम. पहिल्या आठवड्यात मी परत तेच मनात आणलं, काय सुस्त लोक आहेत, आणि लगेच जीभ चावली. एक वाजता इथे सूर्य बरोबर डोक्यावर, उन्हाळ्यातला कच्छचा सूर्य, त्या वेळी दुकान उघडं ठेवणारा माणूसच वेडा म्हणायचा. पावणेपाचला, डिसेंबरमधल्या त्याच पावणेपाचला जेव्हा डिब्रुगढला मी दिवे लागलेले बघायचे, भुजमध्ये टळटळीत ऊन आणि लोक वामकुक्षी आटपून शटर वर करतायत, दिवसाची दुसरी इनिंग सुरू. घाई केली की समोरचा म्हणणार, "शांतीथी, बेन." लाहे लाहे आणि शांतीथी, दोन्हीचा अर्थ हळू, पण तिथे ते नदीकडे बघत म्हणतात आणि इथे व्याजदर विचारत!

कारण भुजचा माणूस बोलायला गोड आणि हिशोबाला पक्का. आजूबाजूची माधापर, बळदिया ही पटेलांची गावं, घरटी कोणी ना कोणी लंडनला नाहीतर नैरोबीला, ठेवी इतक्या की आमच्या डिब्रुगढच्या ब्रँचने स्वप्नात पण बघितल्या नसत्या. म्हणजे तिथे माझं घड्याळ बागेशी जुळवायचं होतं आणि इथे आफ्रिकेशी, नैरोबी अडीच तास मागे. एक म्हाताऱ्या बा यायच्या, शाळा फारशी नाही, त्यांचा मुलगा लंडनला. एकदा दुपारी तीनला मला म्हणाल्या आता मुलाला फोन करू नको, तो नुकता कामावर बसला असेल. मी विचारलं तुम्हाला कसं कळतं, तर त्यांनी हातातलं जुनं घड्याळ काढलं, उलटं धरलं, बाराचा आकडा खाली. तीन वाजले होते, उलटं धरल्यावर काट्यांनी साडेनऊ दाखवले. आपल्या आणि लंडनच्या मध्ये साडेपाच तास आहेत म्हणून ते जमतं. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात तेव्हा हे चुकतं, त्यावर बा म्हणाल्या, उन्हाळ्यात मी त्यात एक वाढवते. मला एमबीए करून हे सुचलं नव्हतं.

पाण्याचं तर विचारूच नका. डिब्रुगढला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी, जून-जुलैत आइता रोज विचारायच्या नदी किती वर आली. आणि भुजला चारशेच्या आसपास, तोही आला तर, माझ्या पहिल्याच वर्षी दुष्काळ जाहीर झाला. मग एका पावसाळ्यात गावातलं हमीरसर तळं भरून वाहायला लागलं आणि मला ऑफिसात फोन आला की उद्या सुट्टी. मी घाबरून विचारलं पूर आलाय का, किती नुकसान? समोरचा हसायला लागला. तळं ओसंडलं की भुजमध्ये स्थानिक सुट्टी देतात, पूजा होते, लाडू होतात, सगळं गाव काठावर पाणी बघायला. डिब्रुगढला पाणी काठाबाहेर आलं की लोक सामान माळ्यावर चढवतात, इथे लाडू वळतात. मी काठावर उभी राहून आइतांना फोटो पाठवला, त्यांचा उलट मेसेज, तिथून लांब राहा.

आणि दोन्ही गावांचं एक सारखं आहे, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. डिब्रुगढला १५ ऑगस्ट १९५० च्या रात्री ८.६ चा भूकंप झाला, त्यानंतर ब्रह्मपुत्रेचा तळ वर आला आणि नदीने जुन्या गावाचा मोठा भाग खाल्ला, मी रोज फिरायचे तो बांध त्यामुळेच. भुजचा २६ जानेवारी २००१ चा. एक स्वातंत्र्यदिनाला, एक प्रजासत्ताकदिनाला. आइता १९५० मध्ये सातेक वर्षांच्या, त्या सांगायच्या की गडद रात्र होती, जेवणं होऊन निजानीज झालेली. घड्याळात वेळ बघितली तर सात चाळीस! आणि भुजमध्ये सकाळी आठ शेहेचाळीस, सूर्य उगवून तास-सव्वातास झालेला. इथे सगळी मोजणी भूकंप पहेलां, भूकंप पछी. घर कधी बांधलं, लग्न कधी झालं, खातं कधी उघडलं, सगळं त्या एका खुणेच्या अलीकडे नाहीतर पलीकडे. जुन्या खात्यांचे कागद मागितले की लोक काही बोलायचे नाहीत, नुसता हात खाली दाखवायचे, म्हणजे ढिगाऱ्यात गेले. मी पुढे मागणं सोडलं, दुसरे पुरावे घ्यायला लागले.

तर सावलीचं राहिलं. २५ डिसेंबर २०१८, नाताळची सुट्टी, आभाळ स्वच्छ, नवरा म्हणाला चल दुसरा अर्धा प्रयोग पूर्ण कर. तीच मोपाची काठी, सामानातून डिब्रुगढहून आलेली, पॅकर्सवाल्याने नाव घालून हसत लिहिलं होतं "लकडी, १ नग". भुजच्या गच्चीवर विटांमध्ये उभी केली, या वेळी खडू लेकीच्या हातात. दर पाच मिनिटांनी ती खूण करतेय आणि मध्येच सावलीला दटावतेय की लवकर छोटी हो. हिवाळा असल्यामुळे सावली कमी होऊन होऊन काठीपेक्षा तीन बोटं जास्तच राहिली. गोलाची मधली वेळ काढली, बारा पन्नास. डिब्रुगढला अकरा दहा, इथे बारा पन्नास, बरोबर एक तास चाळीस मिनिटं. मी इतकी खूश झाले की नवऱ्याने माझा फोटो काढला. तारखेप्रमाणे हे पंधराएक मिनिटं इकडेतिकडे होतं म्हणे, पण माझ्या दोन्ही तारखा नशिबाने बऱ्या निघाल्या.

पण ती मधली वेळ कळायच्या आधीच, सावली अजून छोटी होतेय का थांबलीय यावर आमचा वाद चाललेला असताना, लेक म्हणाली आइताला विचारू तिची सावली कुठे आहे. फोन लावला. त्या टीव्हीसमोर बसल्या होत्या, त्या दिवशी बोगीबीलचा पूल सुरू होणार होता, ब्रह्मपुत्रेवरचा रेल्वे आणि रस्ता एकत्र असलेला, जवळजवळ पाच किलोमीटरचा, पंतप्रधान येणार म्हणून अर्धं गाव तिकडे गेलेलं. लेकीने विचारलं, "आइता, तुम्हारा दोपहर हुआ?" त्या म्हणाल्या दुपार कधीच झाली, जेवले, झोपले, आता थोड्या वेळात दिव्याची तयारी करायची. लेकीने फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "आई, आइता म्हणते दिवस संपत आला, आपण अजून जेवलो पण नाही." मग परत फोन कानाला लावून तिने विचारलं की दिव्यात आईच्या नावाची वात अजून घालतेस का, तर तिकडून उत्तर आलं, घालते ना, आता दोन घालते.